मोडायचा पूल

मिस्तरींची मुलगी जन्माला आली तेव्हा मिस्तरी दवाखान्याच्या दाराशी झटापट करत होते. दार कुरकुरत होतं. आत बायको कळा सोसत होती, बाहेर बाकावर बाकीचे होऊ घातलेले बाप नखं कुरतडत बसले होते, आणि आमचे मिस्तरी खिशातला पेचकस काढून दाराची बिजागरी कसत होते. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, "मुलगी झाली." मिस्तरी म्हणाले, "थांबा, एक स्क्रू राहिलाय." हे वाक्य त्यांची बायको अजून विसरलेली नाही. भांडण हातघाईवर आलं की ती ते हुकमाचं पान म्हणून काढते आणि जिंकते.

याचा अर्थ मिस्तरींना माया नव्हती असं कोणी समजू नये. माया होती, चांगली पोतंभर होती, पण ती तोंडातून निघायची नाही, हातातून निघायची. वाकडं, सैल, डगमगणारं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागत. कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत, मग बसत. एकदा सांत्वनाला गेले असताना त्यांनी यजमानांच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली गुपचूप पुठ्ठ्याची घडी सरकवली. घरातली माणसं रडत होती, तरी त्यातल्या दोघांनी डोळ्यांनीच आभार मानले म्हणतात.

अशा माणसाच्या हाती एक आख्खं मूल लागलं. मग काय विचारता. मुलगी लहानखुरी आणि सतत इकडून तिकडे फिरणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगी चालायला लागायच्या आत मिस्तरींनी घरातल्या प्रत्येक टेबलाचा, खुर्चीचा, कपाटाचा कोपरा रंध्याने गोल केला. ती शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पेन्सिलींना पटाशीने टोक काढून दिलं. असं टोक, की कंपासपेटी उघडली की शेजारची मुलं बघायला येत. बुटांच्या नाड्या ते बांधत, पुस्तकांना कव्हरं ते घालत, दप्तरात त्यांनी पातळ लाकडाचे कप्पे करून दिले होते. मुलगी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. पुढे पुढे अशी परिस्थिती आली, की मुंगी काहीही हातात घ्यायची, एकदा वळवून बघायची, आणि म्हणायची, "बाबा, तू कर." यात तिचा आळस नव्हता. घराची रीतच तशी पडली होती.

शाळेत दरवर्षी मुलांनी घरून काहीतरी बनवून आणायचं आणि त्याचं प्रदर्शन भरायचं. पहिलीला विषय होता 'माझं घर'. बाकीच्यांनी बुटांच्या खोक्याला खिडक्या कापल्या. मिस्तरींनी सागवानी घर केलं, त्याला उघडमिट करणारी दारं, दाराला पितळी कडी. पहिला नंबर आला.

तिथून युद्धाला तोंड फुटलं. मुंगीच्या वर्गात दाताच्या डॉक्टरांचा मुलगा होता. डॉक्टर तसे सज्जन, पण पितळी कडी त्यांच्या नाकाला झोंबली. दुसऱ्या वर्षी त्यांनी कवळ्यांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचा ज्वालामुखी केला. तोंडातून लालभडक रस बाहेर यायचा, तो दवाखान्यातल्या चूळ भरायच्या पंपाने. तिसऱ्या वर्षी मिस्तरींनी फिरत्या दिव्याचा दीपस्तंभ केला. त्या दीपस्तंभापायी एका गिऱ्हाइकाचा पलंग रखडला आणि ते बिचारे नवरा-बायको महिनाभर जमिनीवर झोपले. प्रदर्शनाच्या दिवशी टेबलांमागे आईबाप उभे राहून माहिती सांगत, आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं ती मुलं बाहेर मैदानात पकडापकडी खेळत. एकट्या शिंपीणबाईंच्या मुलीचं काम दरवर्षी ओबडधोबड असे, कारण शिंपीणबाईंना शिलाई मशीनवरून मान वर करायला फुरसत नसे आणि मुलीला स्वतःच्या हाताने करावं लागे. तिची सगळ्यांना कीव यायची.

चौथीच्या प्रदर्शनात मात्र गाडी रुळावरून घसरली. पाहुणे म्हणून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मुंगीला मैदानातून बोलावून घेतलं, तिच्या नावावरच्या पवनचक्कीकडे बोट दाखवलं आणि कौतुकाने विचारलं, "हे करायला किती दिवस लागले गं तुला?"

मुंगीने पवनचक्कीकडे नीट बघितलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी पण आत्ताच बघतेय."

हॉलभर हशा पिकला. डॉक्टर जरा जास्तच हसले, आणि मग शेजारी त्यांचा मुलगा त्याच्या नावावरच्या धरणाभोवती पहिल्यांदाच फेरी मारताना दिसला तसे गप्प झाले. फक्त वर्गाच्या बाई हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या आणि मुंगीकडे बघत होत्या.

पाचवीला त्याच बाई वर्गाबरोबर वर आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं. या वर्षी घरून काही आणायचं नाही. शनिवारी सकाळी हॉलमध्ये बसून प्रत्येकाने एकट्याने पूल बांधायचा. आइस्क्रीमच्या काड्या, पुठ्ठा, सुतळी, गोंद शाळा देईल. आईबापांनी यायला हरकत नाही, पण मागच्या बाकांवर गप्प बसायचं. आणि शेवटची अट अशी, की प्रत्येक पुलावर वाळूच्या पिशव्या ठेवत जायचं, तो मोडेपर्यंत. मोडला की तो का मोडला ते बघायचं आणि दुसरा बांधायचा.

मिस्तरी हे ऐकून शाळेत थडकले.

"बाई, मी आयुष्यभर वस्तू मोडू नये म्हणून काम करतोय," ते म्हणाले. "आणि तुम्ही मोडण्यासाठी बांधायला सांगताय."

"बसा, मिस्तरी," बाई म्हणाल्या.

मिस्तरी बसले. खुर्ची किंचित डुगडुगत होती. ते खाली वाकायला लागले.

"खुर्ची राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी त्याच खुर्चीत दहा वर्षं बसतेय, मला काही झालेलं नाही. एक सांगू? मागच्या आठवड्यात पेपरच्या वेळी मुंगीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी पेन्सिल नव्हती. शार्पनर मी पुढे केला. तिने घेतला नाही. तास संपेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिली. म्हटलं, का गं? तर म्हणाली, 'घरी गेल्यावर बाबा काढतील.' अर्धा पेपर कोरा दिलाय तिने."

घरी पेपर दाखवताना मुंगीने सांगितलं होतं की वेळ पुरला नाही. त्यांनी त्यावर तिला लाकडी घड्याळ करून द्यायचं ठरवलं होतं, निम्मं झालंही होतं.

"हुशार आहे ती," बाई म्हणाल्या. "पण एवढंसं काही बिघडलं की थांबते. पुढल्या वर्षी मोठ्या शाळेत जाईल. तिथे तुम्ही पटाशी घेऊन येणार आहात का?"

प्रश्न साधा होता, पण मिस्तरी खुर्ची तशीच डुगडुगती सोडून उठले. घरी जाताना रस्त्यात त्यांना एकही वाकडी पाटी दिसली नाही, यावरून काय ते समजा.

बापाचं काळीज हललं म्हणून खोड जाते थोडीच. मुंगीला आपण शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी तिला खालच्या कामाच्या खोलीत नेलं, काड्या आणल्या, गोंद आणला. "लाव," म्हणाले. मुंगीने एक काडी लावली. "अशी नाही, दे इकडे," म्हणाले. दुसरी लावली. "अगं, सांधा बघ की. दे, दाखवतो." जेवायची हाक आली तोवर टेबलावर एक देखणा पूल उभा होता आणि मुंगी बाजूच्या स्टुलावर बसून पाय हलवत बिस्किट खात होती. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. आठवडाअखेर मिस्तरींकडे एका मोठ्या नदीला पुरतील एवढे पूल झाले.

बायको जिन्यात उभी राहून बघत होती. ती पहाटे पावाच्या भट्टीवर कामाला जायची, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी थोडक्यात असे. "अहो, परीक्षा कोणाची आहे?"

"तिचीच."

"मग बिस्किट तुम्ही खा आणि काड्या तिला द्या."

मिस्तरींना ते पटलं, पण शनिवार तोंडावर आला होता. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली, आणि ती बायकोला सांगितली नाही, यातच सगळं आलं. मुंगीला त्यांनी खोकल्याची भाषा पढवली. एकदा खोकलो तर काडी तिरपी लाव. दोनदा खोकलो तर गोंद वाढव. तीनदा खोकलो तर थांब, सगळं चुकलंय. मुंगीने मान डोलावली. बाबा सांगतात ते बरोबरच असतं, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

शनिवारी हॉल भरला. पुढे मुलं एकेका टेबलाशी, मागे बाकांवर आईबाप. मिस्तरी डॉक्टरांच्या शेजारी आले, पलीकडे बायको. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, तो जरा ओढून ताणूनच. डॉक्टर सारखे चष्मा काढत होते आणि घालत होते. मिस्तरींना आधी वाटलं की काचा खराब असतील. मग त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांनी चष्मा काढला की समोर त्यांचा मुलगा गोंदाची बाटली पिळतो. म्हणजे इथेही तोच धंदा होता. मिस्तरींना राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

शिंपीणबाई टोकाला बसून कोणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होत्या. त्या पुढे बघतसुद्धा नव्हत्या.

मुंगीने काडी उचलली आणि मागे वळून बघितलं. मिस्तरी एकदा खोकले. तिने काडी तिरपी लावली. ते दोनदा खोकले. तिने गोंद ओतला. सगळं कसं झकास चाललं होतं. पण ज्या माणसाच्या छातीत वीस वर्षांचा भुसा साठलाय त्याने खोकल्याशी खेळू नये. तिसऱ्या वेळी जो खोकला आला तो खरा होता, आणि तो काही केल्या थांबेना. मुंगी बोटांवर मोजत होती. तीन झाले, तिने काडी खाली ठेवली. पाच झाले, ती गोंधळली. सात झाले, तिने लावलेल्या काड्या काढायला सुरुवात केली. पुढे तिने मोजणं सोडून दिलं आणि रडवेली होऊन बाबांकडे बघत राहिली.

बाई पाण्याचा पेला घेऊन मिस्तरींपाशी आल्या. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे, चेहऱ्यावरून ताकास तूर लागत नव्हती. "पाणी प्या," त्या म्हणाल्या. "आणि आता दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा. डॉक्टर, तुमचा चष्मा माझ्याकडे द्या. मुलांचं झालं की देते."

मिस्तरी आपल्याच हातांवर बसले. डॉक्टर डोळे बारीक करून बसले. पलीकडून मिस्तरींच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं, की खोकला उरलासुरला होता तोही गेला.

मग मुंगी काहीच करेना. बाकीचे टेबलांवर भराभरा बांधत होते आणि ही समोरच्या काड्यांकडे बघत बसली होती, हाताची घडी घालून. पेपरात बसली असेल ती अशीच, हे मिस्तरींना आता डोळ्यांनी दिसलं. ऐकलं होतं तेव्हा एवढं लागलं नव्हतं. आपण हिला इतकं जपलं आणि जपता जपता हिच्या हातातलं सगळं काढून घेतलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं.

बराच वेळ गेल्यावर, दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून असेल, मुंगीने एक काडी उचलली. मग दुसरी. बांधलं ते पुलासारखं दिसत नव्हतं, चिखलात रुतलेल्या झाडूसारखं दिसत होतं. बाईंनी वाळूची पहिली पिशवी ठेवली आणि झाडूने मान टाकली.

मुंगी रडायला लागली. मिस्तरी उठले. म्हणजे अर्धेच उठले, कारण बायकोने हात लांब करून त्यांचा सदरा मागून धरला होता. पावाचं पीठ मळणारी मूठ ती, सदरा फाटेल पण सुटणार नाही.

"मोडला?" बाई मुंगीला म्हणाल्या. "बरं झालं. आता रडून झालं की बघ, कुठून मोडलाय."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर वेगळाच प्रकार झाला. डॉक्टरांच्या मुलाने चष्म्याच्या खुणेवर एवढा गोंद ओतला होता की पूल टेबलालाच चिकटला. मोडणं लांब राहिलं, तो जागचा हलेना. त्याने ओढला, बाईंनी ओढला. मागून डॉक्टरांना राहवलं नाही. "ओढू नका, आधी हळूहळू हलवून सैल करा," ते म्हणाले. विषय त्यांच्या धंद्याचाच होता. पूल शेवटी निघाला, पण टेबलाचा सनमायका घेऊन. मुलगा तो तुकडा हातात धरून बघत राहिला आणि खुदकन हसला. मुंगी रडता रडता हसली. दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली, की बाईंना दटावावं लागलं.

दुसरी फेरी सुरू झाली. मुंगीने मोडका पूल उलटा केला, नाक पुसलं, त्याच्या पोटात बोट घालून बघितलं. मग ती उठली आणि मागच्या बाकांच्या दिशेने चालत आली. मिस्तरींचा जीव भांड्यात पडला. आली माझ्याकडे, आता विचारेल, आणि बाई काय वाटेल ते म्हणोत, मी सांगणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुंगी त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेली आणि टेबलांच्या शेवटच्या रांगेत, टोकाला, शिंपीणबाईंच्या मुलीच्या टेबलाशी उभी राहिली.

"तू गाठ कशी मारलीस?" तिने विचारलं.

त्या मुलीने दाखवली. मुंगीने तिथेच दोनदा मारून बघितली, दोन्ही वेळा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग ती परत तिच्या जागेवर गेली. जाताना तिने बाबांकडे बघितलंच नाही. रागाने नव्हे, ती कामात होती. मिस्तरींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी थोडा अपमान झाल्यासारखंही वाटलं. लपवायचं कशाला, झालं तसं सांगितलं.

मुंगीच्या दुसऱ्या पुलाने चार पिशव्या पेलल्या आणि पाचवीला तो मोडला. शिंपीणबाईंच्या मुलीच्या पुलावर ठेवायला पिशव्या कमी पडल्या, शेवटी बाईंनी वर शब्दकोश ठेवला. टाळ्या झाल्या तेव्हा शिंपीणबाईंनी पँटमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "काय झालं?" निकालात मुंगीचा नंबर शेवटून तिसरा होता. डॉक्टरांच्या मुलाचा शेवटून दुसरा. दोन्ही बाप दाराशी एकमेकांना भेटले आणि या वेळचा नमस्कार बरा झाला.

मोडलेला पूल मुंगीने घरी आणला. मिस्तरींनी धरायला हात पुढे केला तर तिने दिला नाही. युनिफॉर्मला गोंद लागला होता, एका वेणीतसुद्धा लागला होता. घरी आल्या आल्या तिने तो जेवायच्या टेबलावर ठेवला आणि आईला सगळं समजावलं. मधे कसा नाजूक राहिला होता, तिने सगळा गोंद कडेला कसा घातला होता, आता खालून एक काडी उभी दिली की कसा टिकेल. आई स्वतः हॉलमध्ये हजर होती, तरी तिने सगळं नव्याने ऐकून घेतलं.

मिस्तरी खुर्चीत बसून ऐकत होते. खालून एक नको, दोन काड्या हव्यात, हे वाक्य त्यांच्या दातांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं.

"बाबा," मुंगी म्हणाली, "तुझं कधी काही मोडलंय?"

"माझं?"

"तू केलेलं. कधीच नाही ना?"

मिस्तरींनी बायकोकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनी तिलाही सांगितली नव्हती. आपल्या कामाची गावभर एवढी इज्जत, ती कोण आपल्या हाताने घालवतो? पण मुलगी तोंडाकडे बघत होती.

"मी उस्तादांकडे कामाला लागलो तेव्हा पहिली खुर्ची केली," ते म्हणाले. "दिसायला अशी सुरेख, की काय सांगू. उस्ताद वजनाने तुझ्या आईच्या पिठाच्या दोन पोत्यांएवढे. सगळ्या कारागिरांना गोळा केलं, म्हणाले, बघा रे पोराचं काम. आणि बसले."

"मग?"

"मग काय, चारी पाय चार दिशांना. उस्ताद जमिनीवर."

बायकोने तोंडावर हात ठेवला. मुंगीचे डोळे वाटीएवढे झाले.

"मारलं त्यांनी तुला?"

"नाही. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, 'आता दुसरी कर.'"

"ती टिकली?"

"ती पण मोडली. पण तिच्यावर मी आधी दुसऱ्याला बसवलं होतं."

मुंगी हसत हसत खुर्चीवरून खाली घसरली. आई तर हुंदके दिल्यासारखी हसत होती आणि मधूनच "एक स्क्रू राहिलाय" असं काहीतरी म्हणत होती. मिस्तरींनाही हसू आलं. हसू ओसरल्यावर मुंगी जमिनीवर तशीच बसून राहिली आणि बाबांकडे अशी बघायला लागली, जणू ती त्यांना आज पहिल्यांदाच बघत होती.

"मला वाटायचं, तुला पहिल्यापासूनच सगळं येतं," ती म्हणाली. "मला काहीच नीट जमायचं नाही. म्हणून मी हातच लावायचे नाही."

दहा वर्षं मिस्तरींनी घरातला एकेक कोपरा घासून गोल केला होता, आणि ही एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. बायकोचं हसणं थांबलं, आणि ती आत चहाचं पाणी ठेवायला गेली.

"तिसरी खुर्ची?" मुंगीने विचारलं. "तिचं काय झालं?"

तिसरी तर फारच वाईट होती. मिस्तरी खुर्चीतून उतरून तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.